गाडी जुनी चालेल, टायर जुने चालणार नाहीत

मे महिना उतरणीला लागला की आमच्या विचुंब्यात घरोघरी पावसाची तयारी सुरू होते. पत्र्यांवर ताडपत्री चढते, गच्चीच्या भेगा बुजवल्या जातात, छत्र्यांच्या काड्या दुरुस्त होतात. गाढी नदी शेजारून वाहते, त्यामुळे पाऊस म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण या सगळ्या तयारीत एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दारात उभी असलेली ऐटदार जर्मन गाडी ज्या चार टायरांवर उभी आहे, ते टायर पावसाळ्याच्या लायकीचे आहेत का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. माझ्याकडे अशी गाडी नाही. तरीही या विषयावर लिहावेसे वाटते, कारण जून उजाडला की त्या गाड्या आणि आमच्या दुचाक्या, रिक्षा, एसटी एकाच रस्त्यावर येतात. पळस्प्याकडे जाताना मागून वेगाने येणारी गाडी ब्रेक मारल्यावर कुठे थांबते, यावर पुढच्या दुचाकीवाल्याचा जीव अवलंबून असतो. तेव्हा टायर हा त्या गाडीमालकाचा खासगी विषय राहत नाही.

आधी हे सांगायला हवे की या गाड्या गावात आल्याचा मला त्रास नाही. पनवेल परिसरातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केली, मिठागरांत राबला. जमिनी गेल्या, सिडकोचे साडेबारा टक्के आले, शहर वाढले, विमानतळ आला. हातात चार पैसे आल्यावर चांगली गाडी घ्यावीशी वाटणे यात गैर काहीच नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींची ती खरेदी देशभर गाजली. महाराष्ट्रातले मध्यम शहरही अशी गाडी घेऊ शकते, हा त्या बातमीतला अभिमान मला समजतो.

आता पुढची पायरी आली आहे, ती म्हणजे जुन्या गाड्यांची. आठ-दहा वर्षे चाललेली बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीज आज नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळते. पंचविशीतला मुलगा ती घेतो, काचेवर गावाचे नाव लिहितो, आणि खरा हिशेब त्यानंतर सुरू होतो. गाडीची किंमत उतरलेली असते, पण तिच्या टायरची किंमत उतरत नाही. तिला आजही तेच मोठे, रुंद टायर लागतात. एका टायरला सहज वीस-पंचवीस हजार, म्हणजे चारांना लाखभर. दहा-बारा लाखांच्या गाडीला लाखाचे टायर घालायला हात धजावत नाही. मग जुन्याच टायरवर ‘या पावसाळ्यापुरते’ निभावले जाते, नाहीतर मापात बसेल ते स्वस्तातले चढवले जाते. माझे म्हणणे एवढेच आहे: गाडी जुनी घ्या, पण टायरचा खर्च गाडीच्या किमतीतच धरा. तो परवडत नसेल तर ती गाडी परवडत नाही.

या गाड्यांची मूळ घरे युरोपात आहेत आणि तिथले ऋतू वेगळे आहेत. जर्मनीत राहणारी मराठी मंडळी सांगतात, तिथे लोक ऑक्टोबरात थंडीचे टायर चढवतात आणि ईस्टरच्या सुमारास काढतात. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर तिथल्या कायद्याने थंडीचे टायर लागतातच. कारण सरळ आहे. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्ता धरेनासे होते. म्हणून तिकडे ‘समर’, ‘विंटर’ आणि ‘ऑल सीझन’ असे तीन प्रकार असतात.

आपल्याकडे ही नावे वाचून गोंधळ होतो. ‘ऑल सीझन’ म्हणजे आपले तिन्ही ऋतू, असे ग्राहकाला वाटते. पण त्यांचा ‘सीझन’ म्हणजे बर्फ. पनवेलमध्ये जानेवारीच्या पहाटेही पारा सात अंशांवर येत नाही. थंडीत मऊ राहण्यासाठी बनवलेले रबर आपल्या एप्रिल-मेच्या तापलेल्या काँक्रीटवर, त्यातही ताकदवान गाडीखाली, लवकर झिजते. उलट ‘समर’ टायर हा फक्त कोरड्या उन्हाचा टायर असतो, हाही गैरसमजच. चांगला समर टायर ऊबदार पावसासाठीही बनवलेला असतो, आणि आपला पाऊस ऊबदारच असतो. तेव्हा आपल्या हवामानात टायर ऋतूप्रमाणे बदलायची गरज नाही. एकच टायर बारा महिने चालतो, फक्त तो निवडताना पावसाची कसोटी लावायला हवी. बर्लिनला वर्षभरात सहाशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्या रायगड जिल्ह्यात चार महिन्यांतच तीन हजारांच्या आसपास पडतो.

या पावसात रुंद टायरचे काय होते, ते साध्या गणिताने पाहू. शाळेतल्या सातवीच्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे. टायर २४५ मिलिमीटर रुंद आहे, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचले आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर धावते आहे. तर त्या एका टायरला दर सेकंदाला सुमारे सोळा लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे सेकंदाला एक बादली. छोट्या गाडीचा १८५ मिलिमीटरचा टायर असेल तर हेच पाणी बारा लिटर होते. कोरड्या रस्त्यावर ज्या रुंदीचा अभिमान असतो, तीच रुंदी पाण्यात जास्त काम मागते.

ते पाणी टायरच्या नक्षीतल्या खाचांतून बाहेर जाते. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण कायद्याची मर्यादा म्हणजे सुरक्षिततेची खात्री नव्हे. पस्तीस गुणांना पास होता येते, पण पस्तीस गुणांच्या मुलावर पूल बांधायची जबाबदारी आपण टाकत नाही. पावसाळ्यात वेगवान गाडीच्या टायरची खाच तीन मिलिमीटरवर आली की त्याला निवृत्त करावे, असे माझे मत आहे. खोली मोजायचे साधे मापक स्वस्तात मिळते.

खाच पुरी पडली नाही की टायर पाण्यावर चढतो आणि रस्ता सुटतो. स्टिअरिंग हलके होते, ब्रेक लागत नाही. १९६३ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने विमानांच्या चाकांवरून यासाठी एक सूत्र मांडले होते. त्यात टायरमधल्या हवेचा दाब हाच मुख्य घटक आहे. त्या सूत्राने गोटा झालेल्या टायरचा हिशेब मांडला तर ३३ दाबाला सुमारे ताशी ९५ किलोमीटरला चाक तरंगू लागते, आणि हवा २५ वर आली असेल तर ८३ लाच. गाडीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. म्हणजे वेगमर्यादा पाळूनही, घासलेल्या आणि कमी हवेच्या टायरवर माणूस जीव गमावू शकतो.

आता टायरवर लिहिलेले वाचायचे कसे, ते पाहू. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, मराठी डावीकडून उजवीकडे. टायरची लिपी गोल फिरते, एवढाच फरक. समजा लिहिले आहे: २४५/४५ आर १८, १०० वाय. पहिले २४५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ११० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. पुष्कळ लोक त्याचा अर्थ त्रिज्या असा लावतात, तो चूक आहे. १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. १०० हा भाराचा आकडा, त्याचा अर्थ एका टायरला ८०० किलो. ‘वाय’ म्हणजे वेगाची क्षमता, ताशी ३०० किलोमीटर. ‘डब्ल्यू’ असेल तर २७०, ‘व्ही’ असेल तर २४०.

कोणी म्हणेल, इथे तीनशेने कोण चालवतो? बरोबर आहे. पण वेगाचे ते अक्षर टायर किती उष्णता सोसतो हेही सांगते, आणि भाराचा आकडा गाडीच्या वजनाशी बांधलेला असतो. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर घालणे म्हणजे पाच माणसांच्या होडीत आठ माणसे बसवणे.

आणखी दोन गोष्टी वाचायला शिका. पहिली, लंबगोल चौकटीतले चार आकडे. २३१९ लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. जुनी गाडी घेताना हे आधी पाहा. हौसेची गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच फिरलेली असते. तिच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबराचे वय झालेले असते. ते कडक होते, बाजूला बारीक भेगा पडतात, ओल्या रस्त्यावर पकड सुटते. अनेक वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात, आणि दहा वर्षांच्या पुढे तर टायर कंपन्याही नको म्हणतात. दुसरी गोष्ट, पुष्कळ परदेशी टायरांवर ‘ट्रॅक्शन’ या शब्दापुढे ‘एए’, ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी’ असते. ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावर टायर किती धरतो, त्याची ही श्रेणी. वळणावरची पकड त्यातून कळत नाही, पण काहीच न पाहण्यापेक्षा हे पाहिलेले बरे. तिथेच ‘ट्रेडवेअर’चा आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ. दुकानात सगळे टिकाऊपणाचेच विचारतात, ‘किती किलोमीटर चालेल?’ पावसात किती अंतरात थांबेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो.

मोठ्या रिमची हौस हा वेगळा विषय, पण थोडक्यात सांगतो. अठराच्या जागी वीस इंची रिम लावली की टायरची भिंत आखूड होते. दिसायला गाडी रुबाबदार दिसते, पण ऑगस्टमधला खड्डा पाण्याखाली झाकलेला असतो. आखूड भिंतीचा टायर तो झेलू शकत नाही. रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो काढूनच टाकावा लागतो. गाडीच्या मापांत पर्याय असेल तर आपल्या रस्त्यांसाठी लहान रिम आणि उंच भिंतीचा टायर निवडणे हेच शहाणपण.

रनफ्लॅट टायर असलेल्या गाड्यांना बहुधा स्टेपनी नसते. हवा गेली तरी असा टायर साधारण ताशी ८० च्या आत, ८० किलोमीटरपर्यंत नेऊन सोडतो. तो महाग आणि कडक असतो, म्हणून लोक साधे टायर घालतात. घालायला हरकत नाही, पण मग पंक्चर किट आणि पंप गाडीत हवाच. नाहीतर बोरघाटात, पावसात, रात्री उभे राहायची वेळ येते. दोनच टायर बदलणार असाल आणि चारही चाकांचे माप एकच असेल तर नवे टायर मागे घाला. मागचे चाक घसरले तर गाडी फिरते, आणि ती सावरणे सराईत चालकालाही कठीण जाते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच जातीचे आणि जवळपास सारख्या झिजेचे ठेवावेत.

आपल्याकडे अपघात झाला की पहिले वाक्य ठरलेले असते, ‘टायर फुटला.’ जणू टायर फुटणे ही वीज पडण्यासारखी आस्मानी गोष्ट आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली. तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. टायर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर दोष टाकणे सोपे जाते.

आणि जिथे टायर खरेच फुटतो तिथेही पुष्कळदा तो आधी सांगत असतो. समृद्धी ७०१ किलोमीटरचा, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, विदर्भातले मे महिन्याचे ऊन आणि मैलोन्‌मैल सरळ काँक्रीट. हवा कमी असलेला टायर अशा रस्त्यावर सतत दुमडत राहतो आणि आतून तापतो. वय झालेले रबर ते सहन करत नाही. लोक उलटे करतात, उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवतात. हा समज घातक आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीडने वाढतो आणि दहा अंशांनी उतरले की तेवढाच कमी होतो. कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरसाठीच असतो. म्हणून सकाळी, गाडी फिरवण्याआधी हवा तपासा. नायट्रोजन भरला म्हणून तपासायचे थांबू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

इथे आणखी एक गोष्ट बोलायला हवी. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याकडे हिणवायला वापरला जातो, आणि तो कोणाला उद्देशून वापरला जातो हेही सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे बाप हेच काम करतात. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलपाशी किंवा महामार्गाच्या कडेला एका टपरीत, एक कॉम्प्रेसर, एक पाण्याची टाकी आणि दोन पान्यांवर त्यांचा संसार चालतो. साठ लाखांच्या गाडीपाशी गुडघे टेकून बसणारा हा माणूस टायरच्या भिंतीवरून हात फिरवतो आणि सांगतो, ‘साहेब, आतून तार तुटलीय, पुण्यापर्यंत नेऊ नका.’ साहेब त्याला पन्नास रुपये कमी देण्यासाठी घासाघीस करतात आणि निघून जातात. आपण ज्याच्या कामाला कमी लेखतो, त्याचा सल्लाही मग ऐकू येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी मोठ्या पदांवर जावे असे मला वाटतेच. पण बापाच्या कामाची लाज वाटून जावे असे वाटत नाही. त्या कामात माणसांचे जीव वाचवण्याचे ज्ञान आहे. त्याला प्रशिक्षण मिळावे, चांगली मापके मिळावीत आणि मान मिळावा.

शासनाकडूनही दोन अपेक्षा आहेत. ओल्या रस्त्यावरची पकड, घर्षण आणि आवाज यांचे किमान निकष २०२२ च्या अधिसूचनेने मोटारींच्या टायरांना लागू झाले, ही चांगली गोष्ट झाली. पण किमान निकष कारखान्याला कळतो, ग्राहकाला नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर ओल्या पकडीचे अक्षर छापलेली चिठ्ठी असते. पनवेलच्या दुकानात मला ती दिसत नाही. फ्रीजवरचे तारे पाहून फ्रीज घेणारा आपला ग्राहक टायरवरचे अक्षर पाहूनही टायर घेईल, त्याला ते दाखवा तर खरे. दुसरी अपेक्षा म्हणजे जुनी गाडी विकताना टायरचे साल आणि खाचेची खोली विक्रीच्या कागदावर लिहिणे सक्तीचे करावे. इंजिन किती चालले हे विचारणारा मुलगा मग टायर किती वर्षांचे हेही विचारू लागेल.

पाऊस यायला आता थोडेच दिवस उरले आहेत. मोठ्या मापाचे टायर दुकानात गेलो आणि लगेच मिळाले, असे नेहमी होत नाही. म्हणून पहिली सर येण्याआधी या. चारही टायरांचे साल वाचा, खाच मोजा, हवा तपासा, बाजूंना फुगा किंवा भेग आहे का ते पाहा. अठराशे किलोची ती सारी ऐट रस्त्याला चारच ठिकाणी टेकलेली असते, आणि प्रत्येक जागा जेमतेम पसरलेल्या तळहाताएवढी असते. ब्रेक, इंजिन, सुरक्षेची सगळी यंत्रे यांची ताकद त्या चार तळहातांतूनच रस्त्यापर्यंत पोचते. ते तळहात मजबूत नसतील, तर बॉनेटवरच्या चिन्हाचा पावसात काही उपयोग होत नाही.